घरं मोजताना

लेक लिव्हरपूलला असते. मे महिन्यात तिच्याकडं गेलो, तेव्हा जावईबापूंनी चार दिवसांची रजा काढली. म्हणाले, "मामा, वेल्स इथनं जवळच आहे. किल्ले बघू, बाग बघू, समुद्रावर जाऊ. घाई कसली नाही."

बिनघाईचा प्रवास मी जन्मात केला नव्हता. एसटी गाठायची, बाजार गाठायचा, बँक बंद व्हायच्या आत पोचायचं, एवढंच ठाऊक. नुसतं हिंडायला निघायचं म्हणजे काय, ते साठीला टेकल्यावर तिकडं कळलं.

पहिला मुक्काम कॉन्वी. नदी समुद्राला मिळते तिथं आठ बुरुजांचा किल्ला. गुडघे कुरकुरत होते, तरी चढलो. वरून खाली नांगरलेल्या होड्या दिसत होत्या. मी सवयीनं म्हणालो, "काय किल्ला बांधलाय ह्यांच्या राजानं!"

जावईबापू हसले. "ह्यांच्या नव्हे, मामा. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं बांधला, १२८३ ते १२८७. वेल्सच्या लोकांना धाकात ठेवायला. इथं आधी ह्यांचा मठ होता. तो उठवून आत खोऱ्यात नेला."

किल्ला म्हटलं की आपली छाती फुगते, कारण आपल्याला आपला राजा आठवतो. दुसऱ्यानं आपल्या उरावर बांधलेला किल्ला कसा बघायचा, हे मला माहीत नव्हतं. आणि 'उठवून' हा शब्द कानात राहिला. भीमेवरच्या धरणात आमचं जुनं गाव गेलं, तेव्हा हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. गाव उठलं. मी तेव्हा चौथीत होतो.

दुसऱ्या दिवशी बॉडनंटची बाग. तिथं लॅबर्नमची झाडं कमानीवर वळवून पंचावन्न मीटरचा मांडव केलाय. आत शिरलं की डोक्यावर नुसती पिवळी झुंबरं. लेक म्हणाली, "अण्णा, बहावाच की हो!" जुन्या गावाच्या वेशीबाहेर एक बहावा होता. मी "हं" म्हटलं आणि पुढं चालू लागलो.

तिसऱ्या दिवशी हार्लेक. उभ्या खडकावर किल्ला. एके काळी समुद्र पायथ्याशी यायचा, रसद गलबतानं यायची. आता पाणी लांब गेलंय, मधे वाळूच्या टेकड्या. १४०४ मध्ये ओवेन ग्लिन्डूर ह्या वेल्सच्या पुढाऱ्यानं हा किल्ला घेतला आणि १४०९ पर्यंत राखला. तेवढ्यापुरती माझी छाती फुगली.

चौथ्या दिवशी समुद्राच्या कडेनं अ‍ॅबरिस्टविथच्याही खाली गेलो. रस्त्यालगत एका पडक्या घराची उरलेली भिंत. लाल रंगावर पांढरे दोनच शब्द. जावईबापूंनी गाडी बाजूला घेतली. "लिहिलंय, ट्रिवेरिन लक्षात ठेवा."

ट्रिवेरिन ही नदी. तिच्या खोऱ्यातलं कापेल केलिन हे गाव १९६५ मध्ये धरणाखाली गेलं. शाळा, टपाल, चर्च, बारा घरं. पाणी लिव्हरपूलला हवं होतं. वेल्सच्या एकाही खासदारानं त्या कायद्याच्या बाजूनं मत दिलं नव्हतं, तरी तो झाला. २००५ मध्ये लिव्हरपूलनं माफी मागितली. ही भिंत २०१९ मध्ये कुणीतरी पाडली होती, लोकांनी पुन्हा दगड रचून रंगवली.

"म्हणजे आपल्या नळाला..." मी म्हणालो.

"त्यातलंही असेल, मामा."

आमच्या धरणाचंही पाणी शहरात जातं, उसाला जातं. तिथल्या माणसांवर मी कधी राग धरला नाही. ते आमच्यासारखेच तहानलेले. पण गावाचं नावही काढलं नाही. लेकीला कधी काही सांगितलं नाही, सांगायला बसलो की घसा धरायचा.

नातू आठ वर्षांचा. मोडक्या मराठीत म्हणाला, "आजोबा, तुमच्या गावात किती घरं?"

मी मोजायला लागलो. वेशीपासून. पाटलांचं, गुरवाचं, आमचं, सुताराचं, तेल्याचं... तेल्याच्या पुढं अडलो. त्या घराला निळा दरवाजा होता, दारात तुळस होती, पण घर कुणाचं ते आठवेना. नातू बोटं उघडी धरून उभा.

इथं संध्याकाळचे सहा, म्हणजे गावाकडं साडेदहा. तरी थोरल्या भावाला फोन लावला. झोपेतनं उठला.

"दादा, जुन्या गावात तेल्याच्या पलीकडं कुणाचं घर?"

त्यानं क्षणभरही विचार केला नाही. "शिंप्याचं. निळा दरवाजा. त्याच्या पुढं कुंभाराचं, मग मारुती." आणि मग, "का रं, आज कशी आठवण झाली?"

मी फोन मोठ्यानं बोलेल असा केला आणि नातवाच्या हातात दिला. म्हटलं, "दादा, मारुतीच्या पुढचं सांग. पोरगं मोजतंय."