सारायेवोचा शेजार

व्हिएन्नापर्यंत गेलेल्या माणसाने पुढे पॅरिसला जावं, स्वित्झर्लंडला जावं, निदान तिथले फोटो तरी आणावेत, अशी आमच्या नातेवाइकांची अपेक्षा होती. आम्ही गेलो सारायेवोला. नांदगावात परतल्यावर पहिला प्रश्न आला तो "हे कुठे आलं?" आणि दुसरा "तिथे आपले लोक असतात म्हणे?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी अजून नीट देऊ शकलेले नाही, म्हणून हा लेख.

माझा मुलगा नोकरीनिमित्त व्हिएन्नात राहतो. डिसेंबर 2024 मध्ये त्याने नाताळच्या सुट्टीत मला बोलावलं. एकटीने इतक्या लांब जायचं माझ्या जिवावर आलं होतं, तेव्हा माझी शाळेपासूनची मैत्रीण म्हणाली, "मी येतंय." तिला मरण्याआधी एकदा बर्फ बघायचं होतं. तिचं नाव लिहू नको असं तिने बजावलंय, म्हणून नुसतं मैत्रीण म्हणते. आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलो, दोघी प्राथमिक शिक्षिका झालो आणि पाच महिन्यांच्या अंतराने निवृत्त झालो. तिच्या चतुर्थीचे मोदक माझ्या घरी आणि माझ्या ईदचा शिरखुर्मा तिच्या घरी, हे आमच्या आयांच्या काळापासून चालत आलेलं आहे. नांदगाव तिठ्यावरून देवगडकडे वळणाऱ्या एस.टी.ची वाट बघत आम्ही जितकं बोललो असू, तितकं आमच्या नवऱ्यांशीही बोललो नसू.

तरी एका गोष्टीवर दोन वर्षं आम्ही बोललो नव्हतो. आमच्या वर्गाचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात कुणीतरी एक मेसेज पुढे ढकलला होता: कोणाच्या दुकानातून माल घ्यावा आणि कोणाच्या घेऊ नये. वर्गात आम्ही चार मुसलमान. मेसेजखाली कुणी काही लिहिलं नाही, काहींनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मी दोन दिवस वाट पाहिली आणि ग्रुप सोडला. मैत्रिणीने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मोदक आणि शिरखुर्मा चालूच राहिले.

असो. आमच्या पासपोर्टवर शेंगेनचा अनेक वेळा ये-जा करण्याचा व्हिसा होता, त्यावर बोस्नियात थोडे दिवस जाता येतं. (एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत व्हिएन्नात शिरता येणार नाही, एवढं जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. जाण्याआधी नियम पुन्हा तपासावेत हे उत्तम.) मुलगा सोबत होताच, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हरकत घ्यायला जागा नव्हती. तो बिचारा चार दिवस आमच्या पिशव्या उचलून मागून चालत होता.

25 तारखेला आम्ही पोहोचलो तेव्हा नुकताच मोठा बर्फ पडून गेला होता. शहर एका लांबट खोऱ्यात आहे, चारी बाजूंना डोंगर, मधून मिल्यात्स्का नावाची बारीक नदी. मैत्रिणीने विमानतळाबाहेर येताच ओंजळभर बर्फ उचललं आणि माझ्या शालीत टाकलं. साठी उलटलेली बाई! पण थंडीपेक्षा आम्हाला धुराने जास्त छळलं. हिवाळ्यात घरोघरी कोळसा आणि लाकूड जळतं, खोऱ्यातला धूर वर जात नाही. जुन्या चुलीसमोर बसल्यासारखे डोळे चुरचुरत होते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हिवाळ्यात तिकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या बाजाराचं नाव बाश्चार्शिया. मधोमध लाकडी, घुमटाची पाणपोई आहे, तिला ते सेबिल्य म्हणतात. आपली सबील! तिथून आम्हाला शब्द वेचायचा नादच लागला. दुकानाला दुचान, साबणाला सापुन, संदुकीला सांदुक, शोरब्याला चोर्बा, साखरेला शेचेर आणि चहाला चक्क चाय. उस्मानी तुर्कांच्या चारशे वर्षांच्या राज्यात फारसी-अरबी शब्द तिकडे गेले, आणि दुसऱ्या वाटेने तेच आपल्या मराठीत आले. मैत्रीण वहीत लिहून घेत होती, शाळा सुटली तरी बाईंची वही सुटत नाही.

तांबटांची एक गल्ली आहे, कझांजिलुक. दिवसभर हातोड्यांचा ठोकठोक आवाज. कॉफीची लांब दांड्याची तांब्याची भांडी, जेझ्वा, दारावर टांगलेली. एका म्हाताऱ्या कारागिराने आतली पांढरी चमक दाखवत म्हटलं, "कलाय." आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. "गो बाय, ह्यो तर आपलो कल्हईवालो!" मैत्रीण ओरडली. लहानपणी वाडीत भाता घेऊन यायचा, नवसागराचा धूर व्हायचा, आणि काळी पातेली चांदीसारखी व्हायची. माझ्या नातींना कल्हई शब्द माहीत नाही. त्या म्हाताऱ्याला आमची मराठी कळली नाही, पण त्याने आम्हाला बसवलं आणि छोट्या बिनकानाच्या पेल्यांतून कॉफी दिली. साखरेचा खडा कॉफीत टाकायचा नाही, कॉफीत बुडवून दाताखाली धरायचा. आम्ही एकेक जेझ्वा घेतली.

बाजारातच गाझी हुस्रेव बेग यांची मशीद आहे, 1530 च्या सुमारासची. हा उस्मानी सुभेदार. त्याने केलेल्या वक्फमधून मशीद, मदरसा, ग्रंथालय, हमाम, गोरगरिबांसाठी भटारखाना, बंदिस्त बाजार असं सगळं उभं राहिलं. मदरसा 1537 पासूनचा, आणि आज तिथे मुलीही शिकतात. मशिदीत बायकांसाठी जागा आहे. हे आपल्याकडच्या वाचकांना मुद्दाम सांगते, कारण आमच्या भागात बाईने मशिदीत नमाज पढणं हा वादाचा विषय होतो. तिथे बाजारहाट करून आलेल्या बाया पिशवी बाजूला ठेवून सहज सफेत उभ्या राहत होत्या. हरमशरीफ सोडलं तर जमातीने मशिदीत नमाज पढण्याची माझी ती पहिलीच वेळ. आपण कोकणी शाफई, ते हनफी. मोठ्याने आमीन म्हणायची माझी सवय, तिथे सगळे मनातल्या मनात म्हणतात. मी आवाज ओठांवरच थांबवला. शेजारच्या आजीने सलाम फेरल्यावर माझा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला. अल्हम्दुलिल्लाह, त्या हातांची ऊब मला अजून आठवते.

मैत्रीण अंगणात वुजूच्या कारंज्यापाशी थांबली होती. मी बाहेर आले तर ती मान वर करून शेजारच्या मनोऱ्यावरचं घड्याळ बघत होती. सव्वाचारला मगरिब झालेली, आणि घड्याळात बारा. "ह्या घड्याळाचेच बारा वाजले मां गो!" मुलाने मग सांगितलं की ते बिघडलेलं नाही. त्या घड्याळात सूर्य मावळतो तेव्हा बारा वाजतात, कारण आपल्या हिशेबात दिवस मगरिबपासून सुरू होतो. सूर्यास्ताची वेळ रोज बदलते, म्हणून ते जुळवत राहायला एक माणूस नेमलेला असतो. त्याला मुवेकित म्हणतात. वक्त सांभाळणारा, असा मी त्याचा अर्थ लावला.

26 तारखेला गुरुवार होता, मार्गशीर्षातला शेवटचा. मैत्रिणीचा उपास. दिवसभर ती सफरचंदांवर होती. संध्याकाळी उपास सोडायला बिनमांसाचं काय मिळेल म्हणून मी बुरेकच्या दुकानात गेले आणि बटाट्याचा बुरेक मागितला. दुकानदार जवळजवळ रागावला. बुरेक म्हणजे मांसाचाच, बटाट्याची ती क्रोम्पिरुशा, पनीरची सिर्निट्सा! व्हिएन्नात मी प्रत्येक हॉटेलात "हलाल आहे का" विचारत फिरले होते, इथे मला काहीच विचारायचं नव्हतं, आणि तिच्यासाठी मात्र खाणाखुणा करून "मांस नको, चरबी नको" समजावत होते. मैत्रीण दारात उभी राहून हसत होती. दुकानदाराला उपास कळला तसा त्याने "पोस्त, पोस्त" म्हणत वर एक वाटी दही ठेवलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो बोगदा बघायला गेलो. एप्रिल 1992 पासून फेब्रुवारी 1996 पर्यंत, 1425 दिवस, या शहराला वेढा होता. डोंगरांवर बोस्नियन सर्बांच्या तोफा आणि नेमबाज, खाली वीज नाही, पाणी नाही. अकरा हजारांहून अधिक माणसं मेली. पाण्याच्या रांगेत मेली, भाजीच्या बाजारात मेली. 1993 मध्ये विमानतळाच्या धावपट्टीखालून सुमारे 800 मीटर लांबीचा बोगदा खणला गेला, त्यातून पीठ, औषधं आणि जखमी ये-जा करत. आता त्याचा थोडाच भाग राखलेला आहे. वाकून चालावं लागतं. मैत्रिणीने आतून माझा पदर धरला होता.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "डोंगरार होते ते खयचे?" याचं उत्तर सोपं नाही. काही बाहेरून आलेले होते. पण काही याच शहरातले. ज्याला हेगच्या न्यायालयाने वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलं आणि पुढे जन्मठेप झाली, तो रादोवान कराजिच याच शहरात मानसोपचाराचा डॉक्टर होता, इथल्या माणसांची दुखणी ऐकत होता. आणि उलटही झालं. योवान दिव्याक हा सर्ब अधिकारी शहराचा बचाव करणाऱ्या सैन्यात राहिला, आणि युद्धातच त्याने पोरक्या झालेल्या मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली. 2021 मध्ये तो वारला.

शेजाऱ्याला बोस्नियन लोक कोमशिया म्हणतात आणि शेजाराला कोमशिलुक. हा शब्द आमच्या वहीत नवा होता. मुलाने हॉटेलवर एक फोटो दाखवला, 1941 चा. नाझींच्या काळातलं सारायेवो. बुरख्यातली झैनबा हर्दागा रस्त्याने चालली आहे, सोबत रिव्का काविल्यो ही ज्यू बाई. रिव्काच्या बाहीवर ज्यूंना सक्तीने लावायला लावलेला पिवळा तारा आहे, आणि झैनबाने आपल्या बुरख्याच्या टोकाने तो झाकून घेतलाय. काविल्यो कुटुंबाला हर्दागांनी आपल्या घरात लपवलं होतं. झैनबाचे वडील अहमद सादिक यांना ज्यूंना मदत केल्याबद्दल छळछावणीत प्राण गमवावे लागले. आणि 1994 मध्ये झैनबा म्हातारपणी वेढ्यात अडकली, तेव्हा तिला बाहेर काढायला खटपट केली ती याच काविल्यो कुटुंबाने. ती जेरुसलेमला पोहोचली आणि त्याच वर्षी अल्लाहला प्यारी झाली.

मैत्रिणीने फोन हातात घेऊन तो फोटो खूप वेळ पाहिला, बोटांनी मोठा करून तो झाकलेला तारा शोधला. मुलगा झोपायला गेला. बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागलं होतं. मग ती म्हणाली, "त्या मेसेजच्या दिसा मी गप रवलंय. तू ग्रुप सोडलंस तां माका दिसला होता."

"माका म्हायत होता," मी म्हटलं.

"मगे इचारलंस कित्याक नाय?"

मी सांगितलं की मला तिच्याकडून उत्तर नको होतं, मेसेजखाली एक ओळ हवी होती. एवढंच. ती ओळ लिहायला काही धाडस लागलं नसतं, आमच्या वर्गातली ती सगळ्यांत हुशार, सगळी पोरं अजून तिला बाई म्हणून घाबरतात. ती म्हणाली की तिच्या भाच्यानेच तो मेसेज पाठवला होता. तो आमच्याच वर्गात होता हे मला माहीत, पण त्यानेच पाठवला हे मी लक्षात ठेवलं नव्हतं की ठेवायचं नव्हतं, कोण जाणे. तिने ते ओळखलं असावं. रडारड झाली नाही. तिने जेझ्वा काढली, हॉटेलच्या किटलीतलं गरम पाणी घातलं आणि अत्यंत वाईट कॉफी केली. आम्ही दोघींनी ती प्यायली.

परतल्यावर जानेवारीत एका दुपारी ती वही आणि फोन घेऊन माझ्या पडवीत आली. तिने ग्रुपवर झैनबाची सगळी गोष्ट लिहिली होती, सोबत आमचा सबीलजवळचा फोटो, आणि खाली त्या जुन्या मेसेजचा उल्लेख करून तिची स्वतःची ओळ: मी कणकवलीत बांगड्या ज्याच्याकडून भरते आणि मासे जिच्याकडून घेते, त्यांच्याकडूनच घेणार. मी ग्रुपात नाही, म्हणून तिने मला वाचून दाखवलं. अकरा जणांनी बरं लिहिलं होतं. दोघे ग्रुप सोडून गेले होते. भाच्याने वाचलं होतं, निळ्या खुणा दिसत होत्या, पण उत्तर नव्हतं.

"तुका परत घालू ग्रुपात?" तिने विचारलं.

मी म्हटलं, बघू. तिने फोन बाजूला ठेवला आणि कल्हईवाला आता कुठे मिळेल याची चौकशी सुरू केली, कारण माझी जेझ्वा आतून काळी पडायला लागली होती.