अंजिरी की अमसुली?

साडीच्या रंगावरून नवरा-बायकोचं वाजणं ही काही नवी गोष्ट नाही. पण ते बहुधा दुकानात वाजतं. नवऱ्याचा हात खिशावर असतो आणि त्याला सगळे रंग सारखेच महाग दिसतात. आमचं वाजलं ते घरात, आणि तेही विकायच्या साडीवरून. त्याचा निवाडा करायला मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी टेबलाखाली उताणं झोपावं लागलं.

सौ. शाळेतून निवृत्त झाली तेव्हा हातात रिकामा वेळ आला आणि रिकाम्या वेळाचा सगळा भार माझ्यावर पडेल अशी मला धास्ती वाटू लागली. सुदैवाने तिला साड्यांचा नाद लागला. नाद म्हणजे नेसण्याचा नव्हे. महेश्वरी आणि इरकली साड्या मागवायच्या, गॅलरीतल्या उजेडात भाची त्यांचे फोटो काढणार, ते फोटो मी संगणकावर नीटनेटके करणार आणि मग ते ओळखीच्यांना फोनवर जाणार. तिची खरी पुंजी म्हणजे रंगांची पारख. आपण ज्याला 'लाल' म्हणून मोकळे होतो त्यात ती डाळिंबी, गुलबक्षी, राणी, कुंकवी असे चार भाऊबंद वेगळे काढते. तिने फोनवर नुसतं "मोरपंखी आहे, पण जरा हिरव्याकडे झुकलेला" असं सांगितलं की समोरची बाई डोळे मिटून पैसे पाठवत असे.

आणि मग एका महिन्यात तीन साड्या परत आल्या. तिघींचीही तक्रार एकच. फोटोत अमसुली दिसली म्हणून मागवली, आली ती अंजिरी.

पहिल्या दोनदा ती चिडली. तिसऱ्यांदा चिडली नाही, तेव्हा मला काळजी वाटली. पार्सल सोडवून तिने साडी खिडकीशी नेली, बराच वेळ उलटीसुलटी केली, घडी घातली आणि म्हणाली, "अहो, आता रंग तुम्हीच सांगत जा." त्यानंतर दोन दिवस तिने फोटोंना हात लावला नाही. तिच्या आईचे डोळे काचबिंदूने गेले होते. शेवटची पाच-सहा वर्षं म्हातारी हाताने चाचपून घरात वावरत असे. सौ. यावर एक शब्द बोलली नाही, पण कॅलेंडरवर एका तारखेला तिने पेन्सिलीने बारीक गोल केला होता आणि खाली डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव लिहिलं होतं.

इथे मला एक कबुलीजबाब द्यायला हवा. तो रुंद पडद्याचा मॉनिटर मी आणला होता. चोवीस इंची, वापरलेला, लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून, साडेचार हजारांत. दुकानदार म्हणाला, "साहेब, आयपीएस आहे, डोळे झाकून घ्या." आमच्या पिढीला आयपीएस म्हणजे पोलीस अधिकारी. पण दुकानात अज्ञान दाखवणं मला कधीच जमलेलं नाही. मी भारदस्तपणे मान हलवली आणि खरोखरच डोळे झाकून घेतला. घरी येऊन, "आयपीएस आहे बरं का, रंगांसाठी यासारखा पडदा नाही," असं सौ.ला तीनदा तरी ऐकवलं. म्हणूनच तिने पडद्याबद्दल शंका घेतली नाही, डोळ्यांबद्दल घेतली.

तारीख अजून आठ दिवस लांब होती. मी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, मागच्या लेबलावरून मॉडेल नंबर सांगा, मिनिटात कळेल." मागचं लेबल अर्धं खरवडलेलं होतं. व्होल्ट शाबूत होते, नंबर गेला होता. तसंही, तो म्हणाला, नंबराने नेहमी कळतंच असं नाही. २००६-०७ च्या सुमारास तर एकाच मॉडेलच्या खोक्यात कधी एका कारखान्याचं आयपीएस पॅनेल निघे, कधी दुसऱ्याचं व्हीए. लोक त्याला चक्क लॉटरी म्हणत. मागचं कव्हर उघडलं तर आत पॅनेलचा स्वतःचा नंबर असतो. एलएमने सुरू झाला तर एलजी, एलटीएमने सुरू झाला तर सॅमसंग. पण कव्हर उघडायला मी धजलो नाही. घरातला मिक्सर मी एकदा उघडला होता.

तेव्हा भाच्याने मला तिन्ही जाती समजावून सांगितल्या, आणि त्या मला माझ्या पद्धतीने समजल्या त्या अशा. दोन काचांच्या मधे द्रवस्फटिकाचा पातळ थर असतो. टीएनमध्ये त्याचे रेणू एका काचेपासून दुसरीपर्यंत गोल जिन्यासारखे पाव वळसा घेतात. प्रकाश त्या जिन्यावरून वळत बाहेर येतो. वीज दिली की जिना मोडून रेणू ताठ उभे राहतात आणि प्रकाश अडतो. आयपीएसमध्ये रेणू पंगतीला बसल्यासारखे आडवेच असतात, फक्त जागच्या जागी वळतात. म्हणून त्यांच्याकडे वरून पाहा, बाजूने पाहा, फारसा फरक पडत नाही. व्हीएमध्ये ते भाताच्या रोपांसारखे उभे असतात आणि वीज दिली की झुकतात. उभे असताना प्रकाश जवळजवळ पुरता अडतो, म्हणून त्याचा काळा रंग खरा काळा. टीएन आणि आयपीएसमध्ये पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण साधारण हजारास एक, व्हीएमध्ये तीन हजार आणि वर. कागदावर आयपीएस आणि व्हीए दोघेही पाहण्याचा कोन १७८ अंश सांगतात. टीएन बिचारा आडवा १७० आणि उभा १६० सांगतो, आणि त्यातलेही बरेचसे अंश दाखवण्यापुरतेच.

हे द्रवस्फटिक म्हणजे मोठं गमतीचं प्रकरण आहे. १८८८ साली प्रागमध्ये फ्रिडरिख रायनिट्झर नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होते. त्यापासून केलेला एक पदार्थ १४५.५ अंशांवर वितळला, पण गढूळच राहिला, आणि १७८.५ अंशांवर एकदम स्वच्छ झाला. एकाच पदार्थाचे दोन वितळबिंदू! टीएनची युक्ती १९७० सालची. ती शाड्ट आणि हेल्फरिख यांनी बाझलच्या एका औषधाच्या कंपनीत काढली. आणि आपल्याकडे बंगलोरच्या रामन इन्स्टिट्यूटमध्ये एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की काडीसारखेच नव्हे, चकतीसारखे रेणूही द्रवस्फटिक होतात. पुढे १९९० च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने टीएनचा कोन रुंदावण्यासाठी एक पातळ फिल्म काढली, तीत असेच चकतीसारखे रेणू होते. गाजराचा हलवा करताना मी हे सगळं सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "ढवळा."

आता परीक्षा. पहिली बोटाची. पांढऱ्या पडद्यावर बोट अगदी हलकं टेकवून सरकवायचं. टीएन आणि व्हीएमध्ये पाण्यावर उठाव्यात तशा लहरी उठतात, आयपीएस सहसा दाद देत नाही. (जोर लावू नये. ती काच नव्हे, नातवाचा गाल समजावा.) लहरी उठल्या. माझ्या पोटातही उठल्या.

पण माणूस इतक्या लवकर हार मानत नाही. वडिलांचं पंचांग वाचायचं भिंग काढलं. पांढऱ्या पडद्यावर ते धरलं की खाली लाल, हिरव्या, निळ्या रेघांची ओळच्या ओळ दिसते. भाचीच्या लॅपटॉपवर त्या रेघा एका ओळीत डावीकडे कललेल्या, तर दुसरीत उजवीकडे, हवालदाराच्या बाहीवरच्या फितीसारख्या. आयपीएसची ही एक जुनी खूण. सगळ्याच आयपीएसमध्ये ती असते असं नाही, आणि या 'नाही'ला मी बुडत्याने काडीला धरावं तसा धरून बसलो, कारण माझ्या पडद्यावरच्या रेघा शाळेच्या कवायतीसारख्या सरळ होत्या.

रात्री दिवे मालवून पूर्ण काळं चित्र लावलं. काळा कुठला, राखेसारखा करडा. म्हणजे व्हीएही नव्हे. मग भाच्याने सांगितलेली शेवटची परीक्षा. एखादा माणसाचा फोटो लावायचा आणि पडद्याकडे खालून पाहायचं. हाताशी आमच्या लग्नाचाच फोटो होता. मी टेबलाखाली सतरंजी टाकली, उताणा झालो आणि मान बाहेर काढून वर पाहिलं. पूर्वी स्टुडिओवाले निगेटिव्ह देत ना, तसं दिसत होतं. सौ.चा चेहरा काळवंडला होता, आणि माझे तेव्हाचे काळेभोर केस पांढरे झाले होते. ती एक गोष्ट सोडली तर बाकी सगळं खोटं होतं. टीएन. शुद्ध, अस्सल टीएन.

"काय झालं? चक्कर आली का?" दारात सौ. उभी होती.

मग मला उठवत नव्हतं म्हणून, आणि आडवं असताना खोटं बोलवत नाही म्हणून, मी तिथूनच सगळं सांगितलं. पडदा आयपीएस नाही. मला तेव्हा आयपीएस म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. दिवा लावून मी तिला अंजिरी साडीचा फोटो दाखवला. फोटो पडद्याच्या वरच्या कडेला नेला की साडी गडद, खाली ओढला की तीच फिकी. नेमकं आमचं असं व्हायचं की मी खुर्चीवर बसून माउस हलवणार आणि ती माझ्या खांद्यामागे उभी राहून सूचना देणार. उंचावरून पाहिल्यावर टीएनवरचा रंग विटका दिसतो. म्हणून ती म्हणे, "अजून थोडा गडद करा." मला बसून तो आधीच गडद दिसत असे, पण लग्नाला चाळीस वर्षं झालेला माणूस अशा वेळी वाद घालत नाही. मी करी. अंजिरी साडी पडद्यावर अमसुली होई आणि लोकांच्या चांगल्या फोनांवर अमसुलीच पोचे.

ती वाकली, मग उभी राहिली, पुन्हा वाकली. असं पाच-सहा वेळा केलं. मग पदर डोळ्यांना लावून बाजूला बघत राहिली. मला वाटलं आता साडेचार हजारांचा हिशेब निघणार. "म्हणजे तो अंजिरीच होता," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरांकडे आम्ही ठरल्या तारखेला गेलोच. तिच्या डोळ्यांतला दाब ठीक निघाला. आईचा इतिहास आहे, तेव्हा वर्षातून एकदा दाखवत जा म्हणाले. येताना तिने इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रिक्षातून दुकानांच्या पाट्यांचे रंग मोठ्याने नावानिशी सांगितले. मी हिशेबाची वाट पाहत होतो. तो अजून आलेला नाही, त्यामुळे मी सावध आहे.

नवा पडदा दिवाळीच्या ऑर्डरींचे पैसे आले की घ्यायचा, असं ठरलं आहे. या वेळी दुकानात भाचा बरोबर येणार आहे, शिवाय वडिलांचं भिंग आणि एक अंजिरी ब्लाउजपीस. तोवर जुन्याच पडद्यावर काम चालू आहे, फक्त जागा बदलल्या आहेत. खुर्चीवर ती बसते, पडद्याच्या बरोबर मध्यावर फोटो ठेवते, शेजारी खरी साडी मांडीवर घेते. मी मागे उभा असतो. काल एक छान डाळिंबी महेश्वरी आली होती.

"जरा फिकी वाटते का गं?" मी म्हणालो.

"तुम्ही आधी खाली बसा," ती म्हणाली.