बुडीत खात्यातली लढाई

बँकेत वीस वर्षं कर्जाच्या टेबलावर काढली की माणसाची नजरच बदलते. लग्नाला गेलो तरी मला वधू-वर दिसत नाहीत. कर्जदार आणि जामीनदार दिसतात. साहजिकच लढाईकडेही मी कर्जप्रकरण म्हणूनच पाहतो. आमचे कॅशियर म्हणतात, "अमेरिकेच्या हिशेबात तुमचं काय अडलंय?" अडलं काहीच नाही हो, पण खातं बघण्यासारखं आहे!

इराकचंच घ्या. २००२ साली अध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी लढाईचा अंदाज सांगितला, १०० ते २०० अब्ज डॉलर. सरकारला आकडा फार वाटला. डिसेंबरात लिंडसे घरी गेले आणि मार्चमध्ये फौज इराकात गेली. पुढे अमेरिकी संसदेच्याच संशोधन विभागाने २०१४ पर्यंतचा खर्च काढला, तो निघाला ८१५ अब्ज. म्हणजे लिंडसे चुकले होते खरे, पण भलत्याच बाजूने!

पैसा आणला कुठून? २००१ आणि २००३ साली कर तर कमी केलेले. राहता राहिलं कर्ज. त्यातून पहिली कित्येक वर्षं हा खर्च बहुतेक 'तातडीची पुरवणी मागणी' म्हणून यायचा. अचानक पाहुणा आला म्हणून अर्धा लिटर दूध जास्त आणलं, ही झाली तातडी. तोच पाहुणा पाच वर्षं तळ ठोकून बसला, तर त्याचं नाव रेशनकार्डावर घालायचं की नाही?

आता २००७ सालची दोन प्रकरणं शेजारी ठेवा. मे महिन्यात इराक आणि अफगाणिस्तानच्या लढायांसाठी जवळजवळ १०० अब्ज डॉलर मंजूर झाले. फेड कशी, हा रकाना कोरा. नंतर दुसरा अर्ज आला. मुलांच्या आरोग्यविम्यासाठी पाच वर्षांत मिळून ३५ अब्ज जादा. फेड कशी? तंबाखूवरचा कर वाढवून. अगदी सुवाच्य अक्षरात! ३ ऑक्टोबरला अध्यक्षांनी तो नामंजूर केला. म्हणे, फारशी गरज नसलेल्यांनाही लाभ मिळेल. त्या अर्जावर सही व्हायला २००९ साल आणि नवा अध्यक्ष उजाडावा लागला.

पोराच्या ऑपरेशनसाठी हातातल्या पाटल्या काढून तारण ठेवणाऱ्या बायका मी रोज पाहतो. तिच्या पाटल्यांचं वजन आम्ही मिलिग्रॅमपर्यंत करतो आणि पावती देताना तिच्याकडे बघायचं टाळतो. म्हणून तो कोरा रकाना मला झोंबतो.

यावर एक ठेवणीतलं उत्तर असतं, "इतका पैसा घातला, इतके जवान गेले, ते वाया जाऊ द्यायचं?" हे वाक्य आम्हा बँकवाल्यांना तोंडपाठ आहे. पार्टी हप्ते थकवते आणि वर म्हणते, "साहेब, आणखी थोडे द्या, म्हणजे आधीचे सुटतील." दिले की आधीचे सुटत नाहीत, बुडणारा आकडा तेवढा फुगतो. तिथे निदान पैसाच बुडतो. इथे गेलेल्या पोरांना तारण ठेवून जिवंत पोरं उचल म्हणून मागतात.

सैनिकाला उपाशी ठेवा, असं कोण म्हणतंय? त्याच्या परतीच्या तिकिटाचा अर्ज येऊ द्या. जेवणाचा डबा बाजूला सारून मंजूर करतो.

आणि हा हिशेब केवळ कारकुनी डोक्यातून निघालेला नाही. १९५३ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी भर भाषणात सांगितलं होतं, की एका बॉम्बफेकी विमानाच्या किमतीत तीसहून अधिक शहरांत एकेक पक्की शाळा उभी राहते. हा गृहस्थ दुसऱ्या महायुद्धातला सरसेनापती, त्यामुळे त्याला भित्रा म्हणायची सोय नाही. बी.कॉम. तर तो नव्हताच. तरी त्याला कळलं, की विमान आणि शाळा एकाच खात्यावर नावे पडतात!