मामांची एम. जी.

स्पोर्ट्स कारच्या मालकांना सल्ला देण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. मी बँकेत क्लार्क. शिक्षण बी. कॉम. वाहन म्हणाल तर एक स्कूटर, आणि तिचाही विमा मला दरवर्षी मुदत संपल्यावरच आठवतो. पण सल्ला द्यायला आपल्याकडे अधिकार कधी लागला? रिझर्व्ह बँकेनं काय करायला हवं हे मला काउंटरवर रोज किमान चार जण सांगून जातात, आणि ते फक्त पासबुक भरून घ्यायला आलेले असतात. तेव्हा मीही सांगतो. फुकट आहे, ऐकून घ्या.

गाडी आमच्या मामांची. एम. जी. ए., मॉडेल १९५७. इंग्लंडात ॲबिंग्डन गावी १९५५ ते १९६२ या काळात अशा लाखभर गाड्या झाल्या. दोन सीटा, वर कापडी छप्पर, बसलं की बूड रस्त्यापासून वीतभर उंच, आणि दाराला बाहेरून कडीच नाही. आत हात घालून दोरी ओढायची, की दार उघडतं. गिऱ्हाइकावर इतका विश्वास टाकणारी माणसं इंग्लंडात होती म्हणायची. आमच्या शाखेत पेनसुद्धा दोरीला बांधलेलं असतं.

मामांनी ही गाडी १९७६ साली घेतली. कारण विचाराल तर त्यांचा स्कूटरचा नंबर लागत नव्हता. त्या काळी स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे; मुलीच्या बारशाला नाव नोंदवलं तर जावयाला लग्नात मिळेल, असा हिशेब असायचा. मामा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. कोरेगाव पार्कातल्या एका बंगल्यात आंब्याखाली ही गाडी त्यांना दिसली. चाकं मातीत रुतलेली, ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसलेली. साडेपाच हजारांत सौदा ठरला, कोंबडी वगळून. "कोंबडी घेतली असती तर निदान अंडी तरी मिळाली असती," हे मामींचं त्या व्यवहारावरचं मत मी लहानपणापासून ऐकत आलोय.

आता सल्ल्याकडे वळू. पहिला सल्ला सुट्या भागांचा. दुकानात गाडीचं खरं नाव सांगू नये. नाना पेठेत जाऊन तुम्ही "एम. जी." म्हणालात, तर दुकानदार २०१९ पासून रस्त्यावर फिरणाऱ्या नव्या उंच गाडीचा पार्ट काढायला जातो. १९५७ म्हणालात, तर तो तुम्हाला पाणी विचारतो. अशा वेळी शांतपणे म्हणायचं, "ॲम्बॅसिडरचं द्या."

ही मामांची लबाडी नव्हे, हा इतिहास आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं 'बी सीरीज' नावाचं एक इंजिन होतं. १४८९ सी.सी.चं. त्यांनी ते एम. जी. ए.त घातलं आणि मॉरिस ऑक्सफर्डमध्येही घातलं. आणि ऑक्सफर्डवरून आपली ॲम्बॅसिडर निघाली, पुढे तिच्याही पोटात तेच आलं. एका आईची दोन लेकरं. एकाला दोन कार्बोरेटर मिळाले, तो पळायला शिकला. दुसऱ्याच्या वाट्याला मंत्री आले. पण रक्तगट एकच राहिला. परदेशातून काही मागवणं जवळजवळ अशक्य होतं त्या काळात मामांनी पिस्टनच्या रिंगा, हेड गॅस्केट, बेअरिंगं सगळं ॲम्बॅसिडरचं घालून गाडी पळवली. जे ॲम्बॅसिडरचं बसत नसे, ते मामा रविवारी लेथवर करत. आज इंग्लंडात या गाडीचा बोल्ट न् बोल्ट नवा करून मिळतो, घरबसल्या मागवता येतो. कस्टम ड्यूटीचा कागद पाहायची छाती मात्र हवी. आणि ॲम्बॅसिडर २०१४ मध्ये बंद पडली, त्यामुळे तिचे पार्टही आता पूर्वीसारखे मिळत नाहीत. नाना पेठेत नाही म्हणाले तर कलकत्त्याच्या मल्लिक बाजारात ओळख काढावी. कलकत्त्यात जावई असेल तर उत्तम.

दुसरा सल्ला पान्यांचा. ही गाडी इंचांत जन्मली, आणि आपला मेकॅनिक मिलिमीटरमध्ये. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. मेकॅनिक म्हणतो, तेरा नंबरचा पाना चालतो. चालतो, पण पॉइंट तीनचा फरक राहतो, आणि त्या फरकात नटाचे कोपरे झिजून तो लाडवासारखा गोल होतो. माझ्यासारख्याला हे कळतं. संध्याकाळी कॅशमध्ये तीस पैशांचा फरक आला की आम्ही घरी जात नाही.

मामा २०२३ साली गेले. त्यानंतर गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कापडाखाली उभी राहिली आणि सेक्रेटरींची पत्रं यायला लागली. मामींना मूलबाळ नाही. भाचा मीच, आणि भाचा बी. कॉम., म्हणजे हिशेबाचं काम माझंच. मी मामांची वही घेऊन बसलो. १९७६ पासूनचा प्रत्येक खर्च त्यांनी ड्रॉइंगच्या सुबक अक्षरात लिहिलेला. सवयीनं घसारा लावला. साडेपाच हजारांवर दरसाल पंधरा टक्के, शिल्लक किमतीच्या पद्धतीनं, सत्तेचाळीस वर्षं. गाडीची पुस्तकी किंमत आली दोन रुपये पासष्ट पैसे. मी मामींना आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "अरे, कोंबडीचं अंडंसुद्धा येत नाही एवढ्यात."

तरी विकायची तर चालू स्थितीत विकावी, म्हणून एक मेकॅनिक आणला. मुलगा हुशार होता. त्यानं मोबाइलवर सगळं वाचलं होतं. तारांची चाकं काढायला तो उजव्या बाजूला बसला आणि मधल्या पंखाच्या नटावर तांब्याचा हातोडा घालायला लागला. नट हलेना. अर्धा तास झाला. मग त्यानं मोठा हातोडा मागितला. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून मामींचा आवाज आला.

"उलटं ठोक रे! तू घट्ट करतोयस."

"आजी, सगळे नट याच बाजूला सुटतात."

"डावीकडचे. उजवीकडच्यांना उलटे आटे आहेत. चाक पुढे फिरतं ना, त्या बाजूला ठोक."

त्यानं उलटं ठोकलं. दोन फटक्यांत नट सुटला. मुलानं वर पाहिलं, मीही पाहिलं. मामी तांदूळ निवडत होत्या.

तेव्हा मला पहिल्यांदा हिशेबातली चूक कळली. सत्तेचाळीस वर्षं गाडीखाली मामा असायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाहेर पाट टाकून बसून पाना देणारा एक हात होता, त्याची नोंद मी कुठल्याच खात्यात केली नव्हती. पुढचे दोन महिने मेकॅनिक मला विचारेनासा झाला. तो खिडकीकडे पाहून विचारायचा. मामी म्हणायच्या, जुने रबरी पाइप सगळे बदल, आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. मामी म्हणायच्या, बॅटरीला हात लावण्याआधी मला विचार.

बॅटरीचं प्रकरण असं. आपल्या गाड्यांत बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडतात. या गाडीत पॉझिटिव्ह. म्हणजे नावे रक्कम जमेला. १९८२ मध्ये एका इलेक्ट्रिशियननं हे न विचारता रेडिओ बसवला होता; रेडिओतून बातम्यांऐवजी धूर आला. मग मामांनी सगळं सुलट केलं. बॅटरीची टोकं फिरवली, कॉइलच्या तारा बदलल्या, डायनामोला नवी दिशा शिकवली, आणि सीटमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या काढून बारा व्होल्टची एकच घातली. झाकणावर लाल रंगात लिहिलं, 'आता सरळ आहे.' आमचा हुशार मुलगा मोबाइल वाचून ते पुन्हा उलटं करणार होता. जुन्या गाडीच्या मालकांनी ध्यानात ठेवावं: पुस्तकात गाडी कशी होती ते असतं, आधीच्या मालकानं काय केलं ते नसतं.

गाडी चालू झाली आणि गिऱ्हाईक आलं. चाळिशीतला गृहस्थ, बोलायला गोड, बरोबर स्वतःचा तज्ज्ञ. पहिला आकडा ऐकून मी पार्किंगच्या खांबाला टेकलो. (आकडा सांगत नाही, वाचकांत आयकर खात्यातलेही असतात.) मग तज्ज्ञानं यादी करायला घेतली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जे जे मूळचं नाही त्याच्यापुढे वजा रक्कम. निगेटिव्ह अर्थ, वजा. एकच बॅटरी, वजा. इंजिनातला ॲम्बॅसिडरचा माल, मोठी वजा. डाव्या दाराची दोरी: मूळची नाही, परकराची नाडी दिसते, वजा दीड हजार.

मामी खाली आल्या होत्या. "नाडी नाही ती. गोफ विणलाय मी," एवढंच म्हणाल्या.

मग तज्ज्ञानं डावीकडची चटई उचलली. या गाडीची जमीन पत्र्याची नसते, प्लायवुडची असते, आणि ती कुजते. आमची कुजलेली नव्हती. "सागवान?" तो म्हणाला. त्यानं चार स्क्रू काढून फळी उचलून उलटी केली. खाली पेन्सिलच्या आडव्या रेघा होत्या, एकावर एक. प्रत्येक रेघेपुढे ड्रॉइंगच्या सुबक अक्षरात माझं नाव आणि महिना. मे १९८६. मे १९८७. मे १९८८, इथे मी एकदम दोन इंच वाढलोय.

सदाशिव पेठेतला वाडा २००४ मध्ये पाडला, तेव्हा माजघराचं दार मामांनी कुठे नेलं हे मी कधी विचारलं नव्हतं. मेच्या सुट्टीत मला त्या दाराला टाच लावून उभं करायचे, डोक्यावर फूटपट्टी ठेवून. आणि मामा गाडी जोरात मारायला लागले की मामी डाव्या पायानं नसलेला ब्रेक दाबायच्या, तो याच फळीवर.

"फ्लोअरबोर्ड," तज्ज्ञ लिहिता लिहिता म्हणाला, "नॉन-ओरिजिनल." आणि वजा आठ हजार.

प्लायवुडच्या जागी सागवान आहे म्हणून पैसे कापणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. तारणाचं मूल्यांकन असं केलं तर आमची बँक आठवड्यात बुडेल. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. मामींनीच विचारलं, "म्हणजे तुम्ही हे सगळं काढून नवं घालणार?"

"हो काकू. अगदी फॅक्टरीतून आल्यासारखी करणार."

"करा की. फक्त काढाल ते मला परत द्या. रिंगा, बेअरिंगं, गोफ, फळ्या. वहीत लिहिलेलं आहे सगळं, हा देईल यादी."

मी वही दिली. गृहस्थ पानं उलटत गेले. शेहेचाळीस पानं होती. मध्येच त्यांनी वर पाहून विचारलं, "काकू, मग आम्ही घ्यायचं काय?"

"हॉर्न मूळचाच आहे," मामी म्हणाल्या.

फोन करतो म्हणून ते गेले. फोन त्यांनी केलाही. मामींनी उचलला नाही.

सेक्रेटरींची पत्रं अजून येतात. 'बंद वाहन' असं त्यात लिहिलेलं असतं, म्हणून गाडी बंद नाही हे सिद्ध करायला मी दर रविवारी सकाळी ती बाहेर काढतो. मामी सोबत येतात, मांडीवर पिशवी. परवा अलका टॉकीजच्या चौकात, सिग्नल हिरवा होत असतानाच, ती एक आचका देऊन थांबली. मागे पी.एम.टी.ची बस. (आता तिचं नाव पी.एम.पी. आहे, पण हॉर्न तोच.) मी चावी फिरवली, ढिम्म. घाम फुटला.

"टिकटिक ऐकू येतेय का?" मामींनी विचारलं.

"नाही."

"मग पेट्रोलचा पंप अडकलाय. पॉइंट चिकटतात त्याचे." त्यांनी पिशवीत हात घातला आणि खलबत्त्यातला बत्ता काढून माझ्या हातात दिला. "मागे खाली आहे. जा, ठोक. जोरात नको, मामा उठवायचे नाहीत तसं. हळू. टिकटिक सुरू झाली की थांब."

मी भर चौकात गुडघ्यावर बसलो आणि बत्त्यानं ठोकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आतून टिक आली, मग टिकटिक. बसवाला हॉर्न देतच होता. मामींनी मागे वळून त्याला हातानंच थांब म्हटलं, आणि गोफ धरून, डावा पाय फळीवर रोवून, सरसावून बसल्या.