धाकटीचा पाठ

सन २०२० च्या मार्च महिन्यात महामारीच्या भयाने शाळांना कुलपे लागली आणि जूनमध्ये नवे वर्ष सुरू होऊनही ती उघडली नाहीत, तेव्हा छावणीतील आमच्या घराच्या ओसरीवर थोरल्या नातवाची सातवी व मधल्या नातीची चौथी चालविण्याचा भार, त्यांचे आईबाप आपापल्या कामात गुंतलेले असल्यामुळे, मजसारख्या सेवानिवृत्त कारकुनावर आला. अंगणवाडीही बंद असल्याने साडेतीन वर्षांची धाकटी कोणाच्याही हुकमाची वाट न पाहता त्या शाळेत दाखल झाली. थोरल्यांना पाठ्यपुस्तके होती, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’चे पाठही होते, तिच्यासाठी मात्र कसलीच तजवीज नव्हती. अपूर्णांक रंगात येतो न येतो तोच ती पाटीवर पाय देऊन उभी राही. तिच्या हाती मोबाईल देऊन तिला आतल्या खोलीत बसवावे, असा सल्ला पुष्कळांनी दिला. मला तो मुळीच रुचला नाही.

याचे कारण ताराबाई मोडक. १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढणाऱ्या या विदुषीने पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभारली. कारण घरची थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यापायी शाळेस मुकते, हे त्यांनी डोळसपणे पाहिले होते. भावंडाला घरी ठेवून ये, असे त्या मुलीला न सांगता त्यांनी भावंडालाच शाळेत जागा दिली. माँटेसोरींची महागडी साधने परवडत नाहीत म्हणून त्या अडल्या नाहीत. बिया, शंखशिंपले, खडे हेच त्यांचे साहित्य होते.

तोच धडा मी गिरविला. सकाळचा पहिला पाठ धाकटीचा, असे मुकरर केले. हजेरी तीच घेई. मग थोरला तिला गोष्ट वाचून दाखवी, आणि तिचे समाधान झाल्यावरच आमचे इतर कामकाज सुरू होई. तिच्या वाट्याला आलेले काम खरे असे, हे विशेष. चौथीच्या भागाकाराला ती चिंचोके वाटून देई. “हे ताईचे, हे दादाचे, हे आजोबांचे,” असे म्हणत ती वाटप करी, आणि उरलेला चिंचोका मुठीत धरून विचारी, “हा कुणाचा?” बाकी म्हणजे काय, हे मधलीला त्या मुठीने समजावले.

सर्वांत रंगला तो इतिहासाचा पाठ. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीला, म्हणजे आमच्याच या शहराला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दूरच्या उंच भूमीवरून भुयारी नहरीने पाणी आणले, आणि ते केवळ उताराच्या बळावर वाहत आले, हे थोरल्याला पुस्तकातून कळेना. तेव्हा अंगणात त्याने मातीचा पाट खणला, मधलीने सुतळी ताणून उतार मोजला, आणि वरच्या टोकाशी लोटी घेऊन धाकटी बसली. उतार कोठे चुकला हे तीच प्रथम ओरडून सांगे, कारण पाणी थबकले की तिचे काम थांबे. दुपारपर्यंत तिघेही चिखलाने माखली, पण त्या अवधीत एकदाही मला तिला “गप्प बस” म्हणावे लागले नाही.

दुपारी ती झोपे, तेवढा वेळ मी थोरल्याच्या बीजगणितासाठी राखून ठेवला होता; ते काम तिच्या सोबतीने होण्यासारखे नव्हते, आणि सर्वच विषय असे वाटून घेता येतात असा माझा दावाही नाही.

ज्यांना आपली मुले घरीच शिकवावयाची आहेत, त्या आईबापांना व आजीआजोबांना माझी कळकळीची विनंती एवढीच की, दिवसाचा पहिला अर्धा तास धाकट्याला द्यावा, आणि त्यानंतर थोरल्यांच्या पाठात त्याच्या हाताला झेपेल असे एखादे खरे काम त्याच्यासाठी काढून ठेवावे.