माजुलीचे मोठेपण

चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट, ही व्याख्या शाळेतील कोणतेही मूल घडाघड म्हणून दाखवील. इतकी सोपी व्याख्या भूगोलात क्वचितच सापडेल. पण ‘सर्वांत मोठे बेट कोणते?’ एवढे नुसते विचारावे, की वादाला तोंड फुटते. ऑस्ट्रेलियाही पाण्याने वेढलेलाच आहे; परंतु त्याला खंड मानल्यामुळे पहिला मान ग्रीनलंडकडे जातो. ही झाली विद्वानांची तडजोड. गावोगावच्या अभिमानाला अशी तडजोड मानवत नाही.

फिलिपाइन्स देशातील लुझॉन बेटावर ताल नावाचे सरोवर आहे. त्या सरोवरात ज्वालामुखीचे एक बेट आहे. त्या ज्वालामुखीच्या मुखात आणखी एक तळे होते, आणि त्या तळ्यात एक इवलासा खडक डोके वर काढून उभा होता. बेटातील सरोवरातील बेटातील तळ्यातील बेट! म्हणताना जीभ अडखळावी असा हा प्रकार. या जातीचे जगातील सर्वांत मोठे बेट तेच, असे कौतुकाने सांगितले जाई. पुढे उपग्रहांनी काढलेली छायाचित्रे लोक बारकाईने पाहू लागले, तेव्हा कॅनडाच्या अगदी उत्तरेस व्हिक्टोरिया बेटावर तसेच एक बेट आढळले, आणि तेही आकाराने मोठे. मौज अशी, की तेथे बढाई मारावयास माणसाची वस्तीच नाही! जानेवारी २०२० मध्ये तालचा ज्वालामुखी जागा झाला आणि मुखातील तळ्याचे पाणीच नाहीसे झाले. ज्या पाण्याच्या जोरावर तो खडक बेट म्हणून मिरवत होता, तेच गेले.

ही गोष्ट ऐकून हसू येते आणि आपण ती विसरून जातो. आसामातील माजुलीची गोष्ट मात्र इतक्या सहज विसरण्यासारखी नाही.

नदीच्या पात्रातील बेट मराठी मुलांना अगदीच अपरिचित नाही. गोव्यात मांडवीच्या पात्रात दिवाडी आणि चोडण ही बेटे आहेत. पण मांडवी कोठे आणि ब्रह्मपुत्रा कोठे! जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून माजुलीला निघालेल्या होडीत बसले, की पैलतीर बराच वेळ दृष्टीस पडत नाही. माणसे, सायकली, भाजीच्या टोपल्या, मोटारीसुद्धा त्या होडीतून पार होतात. नवखा पाहुणा दिसला, की कोणीतरी त्याला आवर्जून सांगते, “आमचे माजुली हे नदीतील जगातले सर्वांत मोठे बेट आहे, बरे का!” सांगणाऱ्याच्या बोलण्यात खोटेपणाचा लेशही नसतो. त्याने ते लहानपणी ऐकलेले असते. शिवाय २०१६ साली गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकानेही त्याला दुजोरा दिला आणि बेटाचे क्षेत्रफळ ८८० चौरस किलोमीटर असल्याचे नमूद केले.

आता नकाशा उघडून ब्राझीलकडे पाहावे. तेथे अराग्वाया नावाची नदी दोन फाट्यांत विभागते आणि पुष्कळ अंतर तोडून पुन्हा एकत्र येते. त्या दोन फाट्यांमध्ये बनानाल बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २०,००० चौरस किलोमीटर आहे. आपले रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्यात ठेवले, तरी जागा शिल्लक राहील! ॲमेझॉनच्या मुखाशी असलेले माराजो बेट तर त्याहूनही मोठे. पण त्याची एक बाजू महासागराला लागलेली असल्यामुळे त्याला निव्वळ नदीचे बेट म्हणावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. बनानालबद्दल तशी सबब चालत नाही. मग माजुलीचे अभिमानी एक शब्द वाढवतात: ‘वस्ती असलेले’ सर्वांत मोठे बेट. तेही टिकत नाही, कारण बनानालवर काराजा आणि जावाए हे आदिवासी लोक पूर्वापार राहत आले आहेत. मोडकळीस आलेल्या भिंतीला टेकू द्यावेत, तसे बढाईला विशेषणांचे टेकू द्यावे लागतात.

परंतु एवढे सिद्ध करून नकाशा मिटला, तर माजुलीची खरी हकीकत दृष्टिआडच राहील. हे बेट नदीनेच घडवले. पूर्वी तो दोन प्रवाहांमधला भूमीचा लांबट पट्टा होता. अठराव्या शतकात मोठमोठे पूर आले, ब्रह्मपुत्रेने आपली वाट बदलून दक्षिणेकडचा प्रवाह पकडला, आणि माजुलीला आजचे रूप आले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे क्षेत्रफळ १,२०० चौरस किलोमीटरांहून अधिक होते. १५ ऑगस्ट १९५० रोजी, सारा देश स्वातंत्र्यदिन साजरा करीत असताना, आसामात प्रचंड भूकंप झाला. डोंगर ढासळले, त्यांची माती नदीत आली आणि पात्र उथळ झाले. उथळ पात्रात न मावणारे पाणी दोन्ही काठांवर चालून येऊ लागले. माजुलीचा काठ रेतीचा. प्रवाह खालची रेती पोखरून नेतो. वरची जमीन काही काळ तशीच अधांतरी राहते, आणि मग झाडाझुडपांसह धाडकन पाण्यात कोसळते. आज बेट नेमके केवढे, याविषयी मोजणाऱ्यांत एकमत नाही, कारण पुरानंतर वर येणारे वाळूचे जुवे कोणी हिशेबात धरतो, कोणी धरत नाही. ते निम्म्याच्या आसपास घटले, यात मात्र शंका नाही.

म्हणजे पाहुण्याला जे मोठेपण सांगितले जाते, तेच दरवर्षी पाण्यात जाते आहे.

आणि किती गोष्टी पाण्याच्या तोंडी उभ्या आहेत! शंकरदेव आणि माधवदेव या वैष्णव संतांच्या परंपरेतील सत्रे, म्हणजे मठ, येथे आहेत. तेथे नामसंकीर्तन चालते, नृत्य-नाट्य शिकवले जाते. चामगुरी सत्रात बांबू, कापड, माती आणि शेण यांपासून रावणाचे, गरुडाचे भव्य मुखवटे घडतात. सालमोरा गावचे कुंभार चाकाशिवाय, केवळ हातांनी मडकी घडवतात. काठ कोसळल्यामुळे कित्येक सत्रांना माजुली सोडून पलीकडच्या तीरावर जावे लागले. गंमत पाहा, २०१६ सालीच माजुलीला जिल्ह्याचा दर्जा मिळाला, आणि नदीतील बेटाचा जिल्हा झाल्याचे भारतातले ते पहिले उदाहरण ठरले. हे भूषण पूर्णपणे खरे. परंतु घाटावरचा माणूस ते मागाहून सांगतो, किंवा सांगायचे विसरतो.

नदीकाठी राहणारे मिसिंग लोक आपली घरे बांबूच्या खांबांवर उंच बांधतात. पुराचे पाणी जमिनीखालून निघून जाते. पण पाण्याबरोबर काठही जवळ येऊ लागला, की घरची मंडळी छपराचे गवत उतरवतात, बांबू उपसतात, आणि सारे खांद्यावर घेऊन बेटाच्या आतल्या अंगाला नवी जागा पाहावयास निघतात.