स्पेसबार दाबला की सावली श्वास घेते

‘‘मल्टिमीडिया म्हणजे नक्की काय गं? टीव्ही रिपेअरिंग का?’’ आत्याने हा प्रश्न मला किमान चार लग्नांत विचारलाय. उत्तर लांबलचक होतं आणि पंगतीत तेवढा वेळ नसायचा. आज देते.

२००७ साली, शेवटच्या वर्षाला, आम्ही तिघांनी मिळून वीस मिनिटांचा एक प्रयोग उभा केला. मी अ‍ॅनिमेशनवाली. दुसरा कॉमर्सचा, पण कॉलेजपेक्षा तालमीच्या हॉलमध्ये जास्त सापडणारा नाटकवेडा. तिसरी इंजिनीअरिंगची, जिच्या पर्समध्ये लिपस्टिकऐवजी सोल्डरिंगची तार असायची. गोष्ट एकदम साधी. रात्रपाळीचा वॉचमन आणि त्याचं न ऐकणारी त्याची सावली. वॉचमन खराखुरा, स्टेजवर. सावली माझी, पडद्यावर.

सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम्स. एक चित्र दोन फ्रेम्स धरून ठेवलं तरी सेकंदाला बारा चित्रं लागतात. म्हणजे वीस मिनिटांना १४,४००! पहिली चार मिनिटं तयार करून मी तालमीला गेले आणि दहाव्या सेकंदाला गाडी अडकली. नट विनोदानंतर थांबला, लोक हसतील म्हणून. सावली थांबलीच नाही. ती आपली पुढच्या वाक्यावर मान डोलावून मोकळी. ‘‘तुझी सावली माझ्यासाठी थांबत नाही, मग मी तिच्यामागे का धावू?’’ साहेब तापले.

तसा हा प्रश्न जुनाच. विन्सर मॅके नावाचा अमेरिकन व्यंगचित्रकार १९१४ मध्ये ‘गर्टी’ या डायनोसॉरची फिल्म लावून स्वतः पडद्याशेजारी उभा राहायचा. तो हुकूम सोडायचा, ती मानायची. खरं तर तोच फिल्मच्या तालावर बोलत होता! आपल्याकडे पिंगुळीचे ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या नाचवतात. तिथे बाहुली धरणारा हात जिवंत असतो, गाण्याबरोबर हळू किंवा जलद होतो. मला तो हात हवा होता.

मग मी फिल्म कापली. सदतीस तुकडे, प्रत्येक तुकड्याला कीबोर्डवरची एक की. विंगेत मी लॅपटॉप घेऊन बसणार, नटाकडे बघणार आणि सावली ‘वाजवणार’. सगळ्यात महत्त्वाचा तुकडा स्पेसबारला: सावली नुसती उभी आहे, श्वास घेतेय. दोन सेकंदांचा, शेवटचं चित्र पहिल्याला बेमालूम जुळणारा. नट हवा तेवढा वेळ घेऊ दे, सावली श्वास घेत राहणार. या दोन सेकंदांवर मी आठवडाभर बसले होते, पण कुणालाही ते ‘काम’ वाटायचं नाही.

प्रोजेक्टर पडद्यामागे ठेवला, कारण समोरून मारला की नटाची स्वतःची सावलीही पडते आणि वॉचमनला दोन सावल्या होतात. इंजिनीअर बाईंनी जुना कीबोर्ड फोडला, त्यातल्या सर्किटच्या तारा सतरंजीखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइलला जोडल्या. वॉचमनने त्या जागी पाय दिला की सावली दचकून उठायची. प्रेक्षकांत कुजबुज व्हायची. सॉलिड मजा!

खरी गोची पुढे झाली. परीक्षकांनी विचारलं, ‘‘यातलं तुझं काय?’’ नोकरीसाठी दोन मिनिटांची रील लागायची, तीही एकटीच्या कामाची. घरी एज्युकेशन लोन होतं, हप्ते सुरू व्हायला सहा महिने उरले होते. मी नुसते तुकडे लावून बघितले. वॉचमनशिवाय माझी सावली एखाद्या स्क्रीनसेव्हरसारखी दिसत होती. ‘‘वॉचमनही तूच काढ, पंधरा दिवसांत होईल,’’ असा शहाणा सल्ला मिळाला. नाटकवाला स्वतःच म्हणाला, ‘‘काढून टाक मला. नोकरी तुला हवीय.’’ हे तो चहा ढवळत, माझ्याकडे न बघता म्हणाला.

नाही काढलं. दुसऱ्या प्रयोगाला दोन हँडीकॅम मागून आणले. एक स्टेजवर रोखलेला, एक माझ्या बोटांवर. रीलमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी लावले. पहिल्या स्टुडिओने सांगितलं, हे नाटक आहे, अ‍ॅनिमेशन नाही. ई-लर्निंगवाल्या दुसऱ्या कंपनीतल्या बाईंनी एक जागा तीनदा मागे नेऊन पाहिली. तिथे नट वाक्य विसरून गप्प उभा आहे, माझा अंगठा स्पेसबारवर आहे, सावली चार श्वास घेते. मग माझं बोट दुसऱ्या कीवर जातं आणि सावली डोकं खाजवते. हॉलमध्ये हशा. त्याला वाक्य आठवतं.

‘‘हे ठरलेलं होतं?’’

‘‘नाही.’’

नोकरी मिळाली. पगार ऐकून बाबा दोन मिनिटं गप्प बसले, पण हप्ता सुटत होता.

३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा सपोर्ट संपला. माझे सदतीस तुकडे ज्या सीडीवर होते ती त्याआधीच रुसली होती. उरली ती हँडीकॅमची टेप. गेल्या दिवाळीत ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि वॉचमनला पाठवली. तो आता बँकेत आहे आणि शनिवार-रविवार तालमी करतो. रात्री साडेअकराला त्याचा फोन.

‘‘मी वाक्य विसरलो नव्हतो गं. तुझी सावली काय करते ते बघायचं होतं.’’

थापा मारतोय. नक्कीच थापा मारतोय.